पाटणच्या दऱ्याखोऱ्यांत इंटरनेट : कसोटी रेडिओच्या निवडीची

पाटण : कराडहून चिपळूणकडे निघालेला रस्ता पाटणच्या पुढे सरकू लागला की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि मोबाइलवरील संदेशवहनाच्या रेघा एकेक करून कमी होतात. कोयना, मोरणा, केरा, वांग आणि तारळी या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांपर्यंत फायबरची तार नेणे खर्चाचे आहे. नेलेली तार दरडी आणि रस्त्यांच्या खोदाईतून टिकवणे त्याहून अवघड. त्यामुळे अशा भागात डोंगरमाथ्यावर रेडिओ बसवून घराघरांत इंटरनेट पोहोचविणारा लहान सेवापुरवठादार हाच अनेकदा व्यवहार्य पर्याय ठरतो. मात्र जुनी यंत्रे बदलण्याची वेळ आली की 'कोणता रेडिओ घ्यावा?' हा प्रश्न केवळ वेगाच्या आकड्यांवर सुटत नाही.

लहरींचे रान मोकळे, शक्तीला मर्यादा

या व्यवसायाचा पाया परवानामुक्त लहरींवर आहे. २००७ मध्ये केंद्र सरकारने ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा अवघा ५० मेगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठी खुला केला. एवढ्या जागेत २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या जेमतेम दोन वाहिन्या बसतात. ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेने चित्र पालटले. ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ लहरी परवान्याविना वापरता येऊ लागल्या. जुनी यंत्रे बदलण्याचे हे पहिले सबळ कारण होय. अरुंद पट्ट्यासाठी घेतलेला रेडिओ आज मोकळ्या असलेल्या वाहिन्यांचा पुरेसा लाभ घेऊ शकत नाही.

परंतु जागा वाढली तरी शक्तीची मर्यादा कायम आहे. ५.८ गिगाहर्ट्झवर अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमच्या वर नेता येत नाही. तबकडी मोठी घेतली तर रेडिओची शक्ती तेवढी कमी करावी लागते. मोठ्या तबकडीचा लाभ होतो तो ऐकण्याच्या बाजूला. ती क्षीण लहर अधिक चांगली टिपते आणि आजूबाजूचा गोंगाट टाळते. दहा किलोमीटरच्या अंतरात ५.८ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२८ डेसिबल क्षीण होते. समोर २५ डीबीआय क्षमतेची तबकडी असल्यास हाती उणे ६७ डीबीएमच्या आसपास संदेश उरतो. एवढ्यावर जोडणी चालते, मात्र माहितीपत्रकात छापलेला सर्वोच्च वेग मिळेलच असे नाही. अंतर दुप्पट झाल्यास शक्ती एक चतुर्थांश राहते, हा हिशेब कोणत्याही कंपनीच्या यंत्राला चुकलेला नाही.

दिसते ते सारे मोकळे नसते

समोरचा डोंगर डोळ्यांना दिसतो म्हणून मार्ग मोकळा आहे, असेही नव्हे. दहा किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येचा पट्टा लहरींना लागतो आणि त्यातील किमान ६० टक्के भाग निर्वेध असावा लागतो. उन्हाळ्यात निष्पर्ण झाडांतून उत्तम चालणारी जोडणी पावसाळ्यात पालवी फुटल्यावर कोलमडते, ती यामुळेच. वनकुसवडेसारख्या उंच पठारांवर पवनचक्क्या आहेत. तेथे मनोरा उभारताना फिरती पाती लहरींच्या मार्गात येणार नाहीत, हे पाहावे लागते. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर झाड तोडणे वा मनोरा उभारणे हा सेवापुरवठादाराच्या मर्जीचा विषयच नाही.

झाडीतून वाट काढण्यासाठी दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरी वापरण्याचा प्रयोग आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात केला होता. मात्र हा पट्टा ५ गिगाहर्ट्झप्रमाणे सर्वांना खुला झाला नाही. दुसऱ्या टोकाला ६० गिगाहर्ट्झची यंत्रे प्रचंड वेग देतात. पण तेथे हवेतील प्राणवायूच किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल शक्ती शोषून घेतो, आणि पावसाचा फटका वेगळाच. कोयनानगर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे अशा यंत्रांवर भिस्त ठेवणे धाडसाचे ठरेल. ५ गिगाहर्ट्झवर पावसाचा परिणाम नगण्य असतो, ही पाटणसाठी मोठीच जमेची बाजू.

बोलण्याची पाळी कोणाची?

साधे वाय-फाय 'आधी ऐका, मग बोला' या तत्त्वावर चालते. खोऱ्यात ते निरुपयोगी ठरते. डोंगराच्या दोन अंगांना वसलेल्या वाड्या मनोऱ्याला दिसतात, परंतु एकमेकींना ऐकू शकत नाहीत. मग दोन्हींचे संदेश मनोऱ्यावर एकाच वेळी आदळतात. यावर उपाय म्हणून युबिक्विटी, कॅम्बियम, मायक्रोटिक या कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला वेळेचा वाटा नेमून देणाऱ्या पद्धती आणल्या. एकाच मनोऱ्यावरील रेडिओंनी उपग्रहाच्या घड्याळावर एकाच क्षणी बोलायचे आणि एकाच क्षणी ऐकायचे, अशी सोयही काही यंत्रांत आहे. गर्दीच्या मनोऱ्यावर तिचे मोल मोठे.

खरी मेख येथेच आहे. या पद्धती कंपनीनिहाय वेगळ्या आहेत. मनोऱ्यावरील एक यंत्र बदलले की त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक घराच्या छपरावरील यंत्रही बदलावे लागते. म्हणजे आजची निवड पुढील अनेक वर्षांचे बंधन असते. कंपन्यांचे मालकही बदलतात. मिमोसा ही अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये जिओ समूहाच्या रॅडिसिसकडे गेली. शिवाय १५ जून २०२१ पासून दूरसंचार जाळ्यात केवळ 'विश्वासार्ह स्रोता'ची नवी यंत्रे जोडण्याचे बंधन आहे. त्यामुळे स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही यंत्र आणून बसविण्याचे दिवस संपले.

वीज, जांभा आणि पावसाळा

डोंगरमाथ्यावर वीज असेलच असे नाही. ३० वॅटची यंत्रणा दिवसाला ७२० वॉट-तास वीज खाते. सूर्यदर्शन न होणारे तीन दिवस गृहीत धरल्यास २१६० वॉट-तासांचा साठा हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरणे हिताचे असल्याने अशा तीन बॅटऱ्या लागतात. यंत्रणा १५ वॅटची असेल तर दोन पुरतात. पाटणच्या पावसाळ्यात ढग तीनच दिवस राहतात असेही नाही. म्हणून कमी वीज खाणारा रेडिओ वेगाने थोडा उणा असला तरी येथे उजवा ठरू शकतो. सड्यावरील कातळात चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते, आणि कोसळलेल्या विजेला यंत्राच्या किमतीशी देणेघेणे नसते. परिणामी तेच यंत्र शिलकीत असणे आणि ते कराडमध्ये तत्काळ मिळणे, हाही निवडीचाच निकष मानावा लागतो.

जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा संपर्काचे मोल तालुक्याने जिवाच्या किमतीने जाणले. अशा रात्री गावाला शंभर मेगाबिट नको असतात. एक संदेश तहसील कचेरीपर्यंत पोहोचणे पुरेसे असते. म्हणूनच नव्या रेडिओची चाचणी एप्रिलच्या निरभ्र दुपारी घेऊन भागणार नाही. दोन-चार घरांत तो आधी बसवून एक पूर्ण पावसाळा पाहावा, प्रत्येक जोडणीत पुरेशी शक्ती राखीव ठेवावी आणि मुख्य मनोऱ्याला दुसऱ्या दिशेने पर्यायी मार्ग द्यावा. मनोऱ्याचा संपूर्ण बदल मात्र पावसाळा सरल्यावरच हाती घ्यावा. त्यासाठी लागणारा धीर आणि पैसा लहान सेवापुरवठादाराकडे किती, यावर खोऱ्यातील शाळा, ग्रामपंचायती आणि घरे पुढच्या आषाढात जगाशी जोडलेली राहतील की नाही, हे ठरणार आहे.