पावसाची उघडीप आणि डेंग्यू

डेंग्यूचा संबंध आपण सहसा मुसळधार पावसाशी जोडतो. आषाढात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर झड लागते, गटारे तुंबतात, तेव्हा घरोघरी डासांविषयी दक्षता घेतली जाते. श्रावण सरला, ऊन पडू लागले की ती ओसरते. वस्तुतः काळजीचा काळ तेव्हाच सुरू होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील सोफिया याकूब व रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पुण्यातील डेंग्यूमृत्यू आणि हवामान यांचा मेळ घालून जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २७ अंशांहून अधिक तापमान, मध्यम व विखुरलेला पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता हा योग रोगास अनुकूल ठरतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अंडी व अळ्या वाहून जातात. पावसाचा परिणाम दोन ते पाच महिन्यांनी दिसतो.

हे आकडे पुण्याचे. आपल्या किनाऱ्यावर जुलैत एवढा पाऊस कधी कधी एकाच दिवसात कोसळतो. तथापि तो धुऊन नेतो ते उघड्यावरचे पाणी. पडवीतले पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागील तबक यांना त्याचा स्पर्शही होत नाही. आणि एडिस डासाला गटारापेक्षा असे स्वच्छ, निवांत पाणीच प्रिय. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. उघडिपीनंतरच्या सरीने पाणी वर चढले की अळ्या बाहेर पडतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास उडू लागतात. डासाच्या शरीरात विषाणूची वाढही उष्णतेने लवकर होते. म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून घासून, वाळवून ठेवावे लागते.

हा डास मुख्यत्वे दिवसा चावतो. रात्रीच्या मच्छरदाणीचा दिवसभर पेढीवर बसणाऱ्याला काय उपयोग? दुकानापुढील ताडपत्रीच्या खोळी आणि गोदामामागचे रिकामे डबे कोणाच्याच कामात मोडत नाहीत, हीच अडचण आहे.

अळ्या झालेल्या पाण्यात औषध टाकताना आपल्या अनेक कुटुंबांचे मन कचरते. तो संकोच आदरणीय आहे. मात्र त्याचे उत्तर आधीच्या टप्प्यावर शोधायला हवे. घासण्यातही अंडी जातात, हे खरे. पण भरलेल्या पिंपाच्या तोंडाला गाळण्यासारखे घट्ट वस्त्र बांधले, न वापरते भांडे पालथे ठेवले, तर तिथे अंडी घातलीच जात नाहीत. यतना याहून वेगळी ती काय?

आणखी एक गोष्ट पर्युषणासंबंधी. हे पर्व नेमके याच ऋतूत येते. डेंग्यूत रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो; अशा वेळी निर्जळ उपवास जिवावर बेतू शकतो. पच्चक्खाणात आगार असतात, ते अशा प्रसंगांसाठीच. ताप येताच गुरुमहाराजांना व डॉक्टरांना विचारावे. तापावर पॅरासिटामॉलच घ्यावे; ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरला म्हणून रुग्णाला दुकानात धाडू नये. धोका बहुधा तेव्हाच असतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.