‘निव्वळ कारागिरी’

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांनी एका कवीचा निकाल चार शब्दांत लावला : ‘हा कवी नव्हे, कारागीर.’ सभागृहाने माना डोलावल्या. कारागीर म्हणजे कोण, तो नेमके काय करतो, आणि तसे असणे हा दोष कसा, हे कोणीही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. चहाची वेळ झाली होती. तेव्हा राहून गेलेले येथे विचारतो.

आमचा अधिकार आधी सांगून टाकतो. आम्ही साहित्य शिकवतो, आणि गेली नऊ वर्षे पुण्यात घराच्या गच्चीवरल्या खोलीत रविवारी गिटारी घडवतो. मोडलेल्या येतात त्या दुरुस्तही करतो. आजवर सहा घडवल्या. त्यांतल्या दोन चांगल्या वाजतात. म्हणजे मराठी समीक्षेतल्या दोन आवडत्या शिव्या आम्हाला एकाच वेळी लागू पडतात : ‘कारागीर’ आणि ‘हौशी’.

पहिल्या शिवीला तात्त्विक आधार आहे. कॉलिंगवुडने १९३८ साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये कारागिरी आणि कला यांची फारकत केली. कारागिराला काय घडवायचे ते आधीच ठाऊक असते, योजना आणि अंमलबजावणी त्याच्या ठायी वेगवेगळ्या असतात. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचे होते ते म्हणून झाल्यावरच कळते. कॉलिंगवुडने हे पुष्कळ सावधपणे मांडले आहे. एकच वस्तू कलाही असू शकते आणि कारागिरीही, हे त्याला मान्य होते, आणि कलावंताला तंत्र लागत नाही असेही तो म्हणत नाही. आपल्याकडे ही सावधगिरी वर्गातल्या नोट्सांमध्ये गळाली आणि उरला तो फक्त तुच्छतेचा स्वर.

आता योजना आणि अंमलबजावणी यांची गोष्ट प्रत्यक्ष पाहू. स्पॅनिश गिटारीचा आराखडा कोणालाही मिळतो. तारेची मोजलेली लांबी ६५० मिलिमीटर, वरची तबली स्प्रूसची, जाडी दोन ते अडीच मिलिमीटर, तिच्या पोटाला पंख्यासारख्या पसरलेल्या सात बारीक पट्ट्या. हा आराखडा तंतोतंत पाळून दोघांनी दोन गिटारी केल्या तर त्या दोन वेगळ्या गिटारी होतात, कारण एकाच झाडाच्या शेजारशेजारच्या दोन फळ्याही सारख्या वाकत नाहीत. म्हणून घडवणारा तबली दोन्ही हातांत धरून किंचित वाकवतो, अंगठ्याने टिचकी मारून ऐकतो, पट्टीवरून लहान रंधा फिरवतो, पुन्हा ऐकतो. कोठे थांबायचे ते आराखड्यात लिहिलेले नसते. थोडे कमी तासले तर गिटार मुकी राहते. थोडे जास्त तासले तर सहा तारांचा मिळून सुमारे चाळीस किलोचा ताण तिला काही वर्षांत वाकवून टाकतो. पडद्यांची गणिते तरी पक्की असावीत, तर तीही नाहीत. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो हे खरे. पण बोटाने दाबली की तार ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून घोडी गणिताच्या जागेपासून सुमारे दोन मिलिमीटर मागे सरकवावी लागते. काय घडणार ते येथे आधी ठाऊक असते, असे म्हणणाऱ्याने एकदा रंधा हातात धरून पाहावा.

आजची गिटार ज्याने जवळजवळ ठरवून दिली त्या आंतोनिओ दे तोर्रेसने (१८१७–१८९२) १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार घडवली. आवाज तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आल्मेरियाकडचा हा सुतार युक्तिवाद करत होता, फक्त त्याचे वाक्य लाकडात आणि कागदात होते. त्याला ओळखणाऱ्या एका धर्मगुरूने १९३१ साली लिहिलेल्या पत्रात त्याची एक आठवण आहे : गुपित विचारल्यावर तोर्रेस म्हणाला की ते आपल्याबरोबरच जाणार, कारण ते अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत आहे. हेच एखाद्या कवीने म्हटले असते तर आम्ही त्याला ‘प्रतिभेचे गूढ’ म्हणून प्रश्नपत्रिकेत घातले असते.

गंमत अशी की कारागिराला हिणवणारी समीक्षा बोलते मात्र त्याच्याच भाषेत. ‘वीण’ आणि ‘पोत’ विणकराकडून आणलेले. ‘घाट’ भांडी घडवणाऱ्याच्या हातचा. ‘बांधणी’, ‘घडण’, ‘सांधा’ ही सगळी उसनवारीच. उसने घेतलेले वापरायचे आणि सावकाराला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. आणि ती निव्वळ सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही, हे तरी मान्य करावे. ज्या भाषेच्या कवितेच्या पायाशी गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी, नामदेव शिंपी उभे आहेत, आणि नावापुढून ज्यांचा धंदा कोणी पुसू शकलेले नाही, त्या भाषेत ‘कारागीर’ ही शिवी कशी होते?

दुरुस्तीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण साहित्याच्या माणसाला सर्वांत जास्त शिकण्यासारखे तेथेच आहे. आमची पहिली गिटार आम्ही ऐन ऑगस्टात चिकटवली. पावसाळी हवेने लाकूड फुगलेले होते. एप्रिलमध्ये ते आकसले आणि तबली घोडीपासून खाली उभी चिरली. चूक पूर्णपणे आमची. चीर सांधायला पोट उघडावे लागले, आणि उघडता आले ते केवळ सरस वापरला होता म्हणून. (हा सरस जनावरांच्या कातड्याचा, मराठीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘उत्तम’ असा आहे, हा योगायोग आम्हाला आवडतो.) ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो. म्हणजे लावणाऱ्याने पुढच्या दुरुस्तकाची सोय आधीच केलेली असते. याउलट अलीकडे आमच्याकडे आलेल्या एका जुन्या गिटारीत आधीच्या कोणीतरी भरपूर एपॉक्सी ओतले होते. ते सुटेना. मूळ घडवणाऱ्याच्या पेन्सिलीच्या खुणाही त्याखाली गाडल्या गेल्या होत्या.

जुन्या ग्रंथांचे संपादन करणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. तीही दुरुस्तीच. नंतरचे काय आणि मूळचे काय हे आधी ओळखायचे, काढताना मूळ दुखवायचे नाही, आणि आपला हात दिसू द्यायचा नाही. ‘निर्मिती’च्या नावाने गहिवरणाऱ्या आमच्या अभ्यासक्रमांत पाठचिकित्सेला आज किती तास मिळतात ते शिक्षकांनी आपापल्या वेळापत्रकात पाहावे.

आता दुसरी शिवी. ‘हौशी’ म्हणजे कच्चा, असे आपण धरून चालतो. पण १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, एका हौशी संस्थेने. गिटारीच्या जगातही होसे रोमानिल्योस हे माद्रिदहून इंग्लंडला गेलेले सुतारकाम जाणणारे गृहस्थ. विकत घेणे परवडेना म्हणून त्यांनी १९६०च्या सुमारास स्वतःसाठी गिटार घडवली. पुढे ज्युलियन ब्रीमने वर्षानुवर्षे वाजवली ती १९७३ची गिटार त्यांचीच, आणि तोर्रेसचे चरित्रही १९८७ साली त्यांनीच लिहिले.

तथापि हौशीची आरती आम्ही करणार नाही. ‘हाताने घडवलेले’ हा शब्दप्रयोग आता जाहिरातीत शिरला आहे, आणि कारागिरीला ‘साधना’ म्हणणारे तिला ‘निव्वळ’ म्हणणाऱ्यांइतकेच तिच्यापासून दूर आहेत. रविवारचा बहुतेक वेळ शिकंजे लावण्यात, पॉलिश कागद घासण्यात आणि खाली पडलेली सुई शोधण्यात जातो. शिवाय एक अवघड गोष्ट कबूल केली पाहिजे. चार गिटारी वाया घालवणे आम्हाला परवडले, कारण महिन्याच्या अखेरीस पगार जमा होतो. आम्हाला पटाशीला धार लावायला शिकवली ती आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी. ते आम्हाला ‘सर’ म्हणतात. आमच्याहून वयाने वडील आहेत. परदेशी स्प्रूसची फळी आम्ही त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली, रेषा पाहिल्या आणि किंमत विचारली. आम्ही सांगितली. ‘मग सर, ही चुकायची कशी?’ ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात चुकलेल्या फळीचे पैसे मजुरीतून जातात.

चर्चासत्रातल्या त्या कवीकडे परत येतो. त्याचे तीन संग्रह आम्ही त्यानंतर पुन्हा वाचले. दोन ठिकाणी सांधा उघडा दिसतो, एका दीर्घकवितेत पट्टी जास्त तासली गेली आहे आणि मधला भाग ताण पेलत नाही. यावर सविस्तर लिहिता येईल, आणि समीक्षकांनी ते लिहायला हवे होते. ‘कारागीर’ म्हणून त्यांनी स्वतःचे तेवढे काम वाचवले. आमच्या वर्गात हा शब्द उत्तरपत्रिकेत आला की आम्ही समासात विचारतो : कोणती ओळ? कोणता सांधा? मागल्या सत्रात त्रेपन्न उत्तरपत्रिकांपैकी तिघांनी पुढच्या वेळी ओळ दिली.