कालवड उशिरां माजावर येते, दोष कोणाचा ?

गोठ्यांतील सर्वांत उपेक्षित जनावर कोणतें, असें आम्हांस कोणी विचारल्यास कालवडीकडे बोट दाखविण्यास आम्ही क्षणभरही थांबणार नाहीं. दुभत्या गाईस आंबोण मिळतें, कारण ती सांजसकाळ चरवी भरते. बैलास सरकी मिळते, कारण त्याच्यावांचून पेरणी अडते. दूध सुटलेली कालवड मात्र बांधावर चरून येते आणि इतरांनीं टाकलेलें चिपाड चघळीत रात्र काढते. पुढें तिसरें वर्ष सरलें तरी ती माजावर येत नाहीं, म्हणून तिला वांझ ठरवून बाजाराची वाट दाखविण्यांत येते. या व्यवहारांत दोष बहुधा कालवडीचा नसून तिच्या धन्याचा असतो, असें आमचें मत आहे. व तें आम्ही येथें सकारण मांडूं इच्छितों.

‘कालवड वयांत आली’ असें आपण म्हणतों. परंतु हा शब्दप्रयोगच आपणांस फसवितो. तिचें वयांत येणें वर्षांपेक्षां वजनावर अधिक अवलंबून असतें. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास वजन भरलें, म्हणजे दुभत्या जातीची कालवड सामान्यतः प्रथम माजावर येते. तें वजन दीड वर्षांत भरो कीं तीन वर्षांत, शरीर त्याचीच वाट पाहतें.

असें कां होतें, हेंही समजून घेण्याजोगें आहे. वासरूं अवघ्या कांहीं आठवड्यांचें असतांच त्याच्या अंडाशयांत बीजकोश वाढूं व जिरूं लागतात. म्हणजे रान तयार असतें. पाटाचें दार तेवढें बंद असतें, आणि तें दार मेंदूच्या हातीं असतें. अंडाशयांतून रक्तांत मिसळणारें संप्रेरक अगदीं अल्प असलें, तरी लहान कालवडीचा मेंदू त्यानें दबतो व आपल्या तळाशीं असलेल्या पोषग्रंथीस पुरेसे इशारे देत नाहीं. अंग भरूं लागलें कीं हा दाब सैल होतो, ग्रंथीचे स्राव वरचेवर सुटूं लागतात आणि अखेरीस पहिलें बीज सुटतें. अंगावरील चरबींतूनही एक द्रव्य रक्तांत जाऊन मेंदूस साठ्याची वर्दी देतें. त्यास लेप्टिन म्हणतात. १९९४ सालीं उंदरांवरील संशोधनांतून तें उघडकीस आलें. उपाशी जनावराचा मेंदू दार उघडीत नाहीं, यांत निसर्गाचा शहाणपणाच आहे. जिला स्वतःचें पोट भरतां येत नाहीं, तिनें गर्भ कशाच्या बळावर पोसावा?

जातीचा प्रश्न आम्ही नाकारीत नाहीं. आपलें देशी जनावर मुळांतच उशिरां वयांत येणारें आहे, आणि डांगी किंवा गीर कालवडीनें संकरित कालवडीची बरोबरी करावी, असा आमचा आग्रह नाहीं. ऋतूचाही परिणाम होतो. वगारी थंडीच्या दिवसांत अधिक माजावर येतात, तर उन्हाळ्यांत त्यांचा माज मुका राहून धन्याच्या नजरेंतून निसटतो. पोटांतील जंत आणि क्षारांची उणीव हींही कारणें आहेत. जुळ्यांत खोंडाबरोबर जन्मलेली कालवड तर बहुतेक वेळां जन्मतःच वांझ असते. तिच्यावर खर्च करण्यापूर्वीं पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. परंतु हें सर्व वजा जातां जें उरतें, तें गव्हाणीचें कर्म होय.

आतां हिशेब पाहूं. संकरित कालवड जन्मतः २५ किलोची धरली, आणि फळविण्यास २५० किलो वजन आवश्यक धरलें, तर तिला २२५ किलो वाढावयाचें आहे. रोज ४२० ग्रॅम वाढ झाल्यास हें अंतर १८ महिन्यांत सरतें. २५० ग्रॅमच झाल्यास ३० महिने लागतात. म्हणजे मूठभर पेंड वांचविणाऱ्या शेतकऱ्यानें पूर्ण एक वर्षाचा चारा, पाणी व मेहनत विनामोबदला खर्ची घातली ! भाकड जनावरास खुराक परवडत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें वर्ष कोणत्या खात्यांत मांडलें आहे, तें आम्हांस सांगावें.

तथापि उतावळेपणाही तितकाच घातक आहे. पहिला माज दिसतांच कालवड फळविली, तर विताना अडण्याचें भय असतें व तिची वाढ खुंटते. संकरित गोऱ्हे वर्षाच्या आंतच फळविण्यास समर्थ होतात. म्हणून ते वेळींच वेगळे बांधावे. तसेंच केवळ खुराक कोंबून तिला लठ्ठ करूं नये. वयांत येण्यापूर्वीं कांसेंत चरबी सांठल्यास पुढील दुधास बाध येतो. लसूणघास किंवा भुईमुगाचा पाला, कुट्टी केलेला कडबा, थोडी पेंड, क्षारमिश्रण व वेळच्या वेळीं जंताचें औषध, एवढें सातत्यानें दिल्यास पुष्कळ झालें.

वजनास काटा नसला तरी अडत नाहीं. पुढच्या पायांच्या मागें छातीचा घेर इंचांत मोजावा. त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणावें व ३०० नीं भागावें. वजन पौंडांत येतें. घेर ५८ व लांबी ४९ इंच असल्यास तें सुमारें ५५० पौंड, म्हणजे २५० किलो भरतें. अंदाज म्हणून एवढें पुरे.

आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक गांवच्या दूधसंस्थेंत एक फीत व एक वही असावी, आणि दर महिन्यास गांवांतील कालवडींचीं मापें तींत मांडलीं जावीं. ज्या कालवडीचें वजन दोन महिने हललें नाहीं, तिच्या धन्यास तेथेंच चार माणसांसमक्ष कारण विचारावें. आजची कालवड हीच उद्यांची गाय, हें आपण सारेच जाणतों. परंतु तिला उद्यांपर्यंत उपाशी ठेवून उद्यां कासंडी भरण्याची अपेक्षा करणें हा न्याय नव्हे, आणि शहाणपण तर नव्हेच नव्हे.