रॅकपाशी आम्ही, प्रशिक्षणाला ते!

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सहा वर्षं कंत्राटी सहायक होतो. एम.लिब. झालेलो, सेट पास. काम काय? देवघेव काउंटर सांभाळणं, परत आलेली पुस्तकं रॅकला लावणं, जुन्या पेपरांचे गठ्ठे बांधणं. ग्रंथालयाचं संगणकीकरण सुरू झालं तेव्हा प्रशिक्षणाचं पत्र आलं. ते सूचना फलकावर लागलं नाही, कुणाकडून अर्ज मागवले नाहीत. थेट दोन नावं गेली, दोन्ही साहेबांच्या मर्जीतली. मी विचारलं. उत्तर मिळालं, "तुम्ही कंत्राटी. तुमच्यावर खर्च कशाला करायचा?" माझ्यासोबतचे परिचर काका वीस वर्षं कायम सेवेत. नोकरी करून बाहेरून बी.ए. झालेले. त्यांच्याबद्दल साहेब म्हणाले, "त्यांना ते झेपणार नाही."

माणसं दोन, कारणं दोन. वस्ती मात्र दोघांची एकच.

वर्षभराने वरच्या पदाची जाहिरात निघाली. त्यात ओळ होती, 'संगणकीय ग्रंथालय प्रणालीचे प्रशिक्षण घेतलेल्यास प्राधान्य'. आता सांगा, ती जागा कुणाची होती? मुलाखतीच्या दिवशी ठरली, की प्रशिक्षणाची नावं गेली त्या दिवशी?

मित्रहो, आपण भरतीवर लढतो, आणि लढलंच पाहिजे. बिंदुनामावली तपासतो, अनुशेष मोजतो, मोर्चे काढतो. पण नोकरीत शिरल्यानंतर कोण शिकणार आणि कोण ओझी वाहणार, हे जिथे ठरतं त्या टेबलाकडे आपलं लक्ष नाही. त्या टेबलाचं नाव 'कर्मचारी विकास'. नाव गोंडस आहे. प्रश्न एवढाच की विकास कुणाचा?

हा प्रश्न आजचा नाही. भारतात ग्रंथालय कर्मचाऱ्यांना रीतसर शिकवायची सुरुवात बडोद्याला झाली. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि १९११ साली तिथे प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. महाराजांची दृष्टी मोठी होती, हे मान्यच. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्याच संस्थानाच्या कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत होता. राहायला घर मिळालं नाही, नोकरी सोडावी लागली. धडा स्पष्ट आहे. संस्था आधुनिक झाली म्हणजे तिच्यातली माणसं आधुनिक होत नाहीत. नवं तंत्र येतं आणि जुनी उतरंड त्याच्यावर जाऊन बसते. तेव्हा फाईल लांबून फेकली जायची, आता प्रशिक्षणाचं पत्र लांब ठेवलं जातं.

कुणी म्हणेल, प्रशिक्षण ही बारीक बाब आहे. मुळीच नाही. यूजीसीची २०१८ ची नियमावली काढून वाचा. सहायक ग्रंथपालाला लेव्हल १० वरून ११ वर जायचं असेल, तर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो आणि संगणकीकरण, डिजिटायझेशन अशा विषयांवर किमान ५ दिवसांचं प्रशिक्षणही लागतं. म्हणजे तुम्हाला कार्यमुक्त करायला वरिष्ठाने नकार दिला की तुमची बढती अडकली. ना जातीचा उल्लेख, ना अन्यायाचा पुरावा. 'सध्या मनुष्यबळ कमी आहे, पुढच्या वेळी पाहू' एवढं एक वाक्य पुरतं.

शिवाय महाराष्ट्रात बढतीतल्या आरक्षणाचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. २०१७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आला, ७ मे २०२१ ला जीआर निघाला आणि राखीव बढत्यांची दारं लागली. अशा वेळी प्रशिक्षण, अनुभव आणि गोपनीय अहवाल यांचं वजन दुपटीने वाढतं. ज्याच्या हातात प्रशिक्षणाची यादी, त्याच्या हातात बढतीची किल्ली.

'आता सगळं ऑनलाइन फुकट मिळतं, शिका की!' हा शहाजोग सल्ला आपल्याला नेहमी मिळतो. शिकतोच आम्ही. मीही रात्री भाड्याच्या खोलीत बसून कोहा शिकलो. पण रात्री शिकलेलं सेवापुस्तिकेत चढत नाही. एकाने पगारी वेळेत, प्रवासभत्ता घेऊन शिकायचं आणि दुसऱ्याने झोप मोडून शिकायचं, आणि मग दोघांची गुणवत्ता एकाच तराजूत तोलायची? ही गुणवत्ता नव्हे, सवलत आहे. फक्त तिला आरक्षण म्हणायची हिंमत कुणात नाही.

आता थोडं आपल्याच लोकांना. आपल्या घरात 'लायब्ररीत आहे' म्हटलं की चेहरे पडतात. एमपीएससी कर, साहेब हो. ज्या महामानवाने पुस्तकांसाठी राजगृह बांधलं त्याच्या लेकरांना ग्रंथालय दुय्यम वाटावं? २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेतून सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. वस्तीतून आलेल्या पहिल्या पिढीच्या पीएच.डी. करणाऱ्या पोरीला ती शोधायला कोण शिकवणार? कर्मचारी. आणि कर्मचाऱ्याला कोण शिकवणार? ती खुर्ची आज रिकामी आहे, किंवा मर्जीतल्या माणसाकडे आहे. ती आपली का असू नये?

म्हणून ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे. नुसते सहायक होऊ नका, शिकवणारे व्हा. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. ते स्वतःच्या संगणकावर उतरवून मोडा, जोडा. तालीकीकरण पक्कं करा. शोधगंगा आणि संशोधन डेटाबेस कसे वापरायचे हे मराठीत दोन पानांत लिहून काढा आणि परिचर काकांना शिकवून पाहा. त्यांना समजलं तर तुम्ही प्रशिक्षक झालात. मग तेच काम लेखी प्रस्ताव करून ग्रंथपालांकडे द्या, आवक क्रमांक घ्या. शिकवलेल्या प्रत्येक सत्राची तारीख आणि हजेरी ठेवा. तुमचं करिअर त्या कागदांवर उभं राहील.

आणि कार्यकर्त्यांनी एवढं करावं. माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागच्या पाच वर्षांत ग्रंथालयातून प्रशिक्षणाला कोण गेलं, त्यांचं पद कोणतं, प्रवर्ग कोणता, खर्च किती, हे विचारा. उत्तर आलं की ते घेऊन मागासवर्गीय कक्षात आणि कुलसचिवांकडे जा. मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षणाचं प्रत्येक पत्र फलकावर लावा. पाळीपाळीने सर्वांना पाठवा. नकार द्यायचा तर लेखी द्या. कंत्राटी आणि परिचर यांना वगळू नका.

ते काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि साहेबांनी भाषणात त्यांना 'ग्रंथालयाचा कणा' म्हटलं. काका परतताना मला म्हणाले, "कणा म्हणाले रे. पण वीस वर्षांत कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही."

आपल्याला शाल नको. यादीत नाव हवं आहे, आणि उद्या ती यादी करणारा हातही आपला हवा आहे.

जय भीम!