सुट्टीला पोर्शन नसतो

शाळांचे निकाल लागले, मे महिन्याची सुट्टी सुरू झाली. जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवस, वर्ग बंद राहतील. शहरांत पोहणे, बुद्धिबळ, नाट्य, रोबोटिक्स अशा शिबिरांचे फलक लागले आहेत. ज्यांना शुल्क परवडते त्यांची मुले तिथे जातील, रमतील, काही नवे शिकतील. त्याचा आनंदच आहे. पण सुट्टीतल्या शिकण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्या गावात असा एकही फलक लागत नाही.

वर्षभर शाळेत जे मिळत नाही ते सुट्टीत मिळते : पोर्शन संपवण्याची घाई नसते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसला, तरी शिक्षकांना पाचवीचे पुस्तक पुढे न्यावेच लागते. सुट्टीत मूल जिथे अडले तिथून सुरुवात करता येते. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या, मुलाच्या पातळीपासून शिकवण्याच्या पद्धतीने शिबिरे घेतली आणि मागे पडलेली मुले वाचनात स्पष्टपणे पुढे सरकली. शाळेच्या वर्षात मात्र त्याच पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही तसा फरक पडला नाही. शिक्षक नालायक नव्हते, ते अभ्यासक्रमाला बांधलेले होते. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या संशोधनातून हे पुढे आले.

पुण्याच्या ‘आयुका’तही सुट्टीची हीच मोकळीक कामी येते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी घडवलेल्या या खगोलविज्ञान संस्थेत उन्हाळ्यात शाळकरी मुले आठवडाभर शास्त्रज्ञांच्या सोबतीने एखाद्या प्रश्नावर काम करतात. प्रश्न विचारण्याची ही संधी मोजक्या मुलांपुरती का राहावी?

सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलांचेच पाहा : साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपून ऊसतोड कामगारांची कुटुंबे बीडसारख्या जिल्ह्यांत गावी परततात, तोवर त्यांच्या मुलांचे शाळेचे कित्येक महिने बुडालेले असतात. मुले गावात असतात आणि शाळा बंद, असा हा काळ. तो वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. ग्रामपंचायतीने शाळेची एक खोली सकाळी दोन तास उघडावी. गावातल्या महाविद्यालयीन मुलामुलींना मानधन देऊन बोलवावे. इयत्ता न पाहता, कोणाला किती वाचता येते त्यानुसार गट करावेत. गोष्टीची पुस्तके, खडू आणि फळा एवढ्यावर काम सुरू होते. शिक्षकांनी मार्गदर्शन जरूर करावे, पण त्यांच्या हक्काच्या सुट्टीवर आणखी एक आदेश लादू नये.

उरलेला दिवस मुलांचाच असावा. दुपारभर आंब्याखाली खेळणाऱ्या मुलाच्या हातात गृहपाठ कोंबू नये. सकाळचे दोन तास मात्र द्यावेत, कारण वाचता न येणाऱ्या मुलासाठी जूनमध्ये मिळणारे प्रत्येक नवे पुस्तक आणखी एक बंद दार ठरते. ते उघडण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आणि तिची सुरुवात याच महिन्यात व्हायला हवी.