ट्रंकेतली व्हिडिओ कॅसेट फेकू नका



१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला आणि पुढे लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढण्याची पद्धत खेडोपाडी पोचली. त्या कॅसेटी आज अनेक घरांत ट्रंकेत पडून आहेत. कुणी हौसेने जुना व्हीसीआर मिळवून जोडतो. चित्र थरथरते, आवाज येत नाही, आणि 'कॅसेट गेली' म्हणून ती उकिरड्यावर जाते. पीक पिवळे पडले म्हणून आपण लगेच नांगर घालतो का? आधी कारण शोधतो. येथेही तसेच करावे. घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज कदाचित त्या एका टेपेतच उरलेला असतो.

प्रथम कॅसेट पहा. खिडकीतून टेपेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट मुळीच लावू नका. टेप तुटेल आणि बुरशी यंत्रात शिरून दुसऱ्या कॅसेटींना लागेल. ती जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी. कॅसेट चांगली असेल तर काठावरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने चित्रण पुसले जात नाही.

आता जोडणी. पिवळी पिन चित्राची. पांढरी आणि लाल आवाजाची. वायरचे एक टोक व्हीसीआरच्या 'आउट'मध्ये व दुसरे टीव्हीच्या 'इन'मध्ये जाते. व्हीसीआरला आवाजाचे एकच भोक असेल तर तेथून टीव्हीच्या पांढऱ्या भोकात वायर लावा. नव्या टीव्हीला ही तीन भोके नसून फक्त एचडीएमआयचे असेल, तर 'एव्ही टू एचडीएमआय' असे लिहिलेली डबी घ्या. 'एचडीएमआय टू एव्ही' ही उलट दिशेची डबी येथे चालत नाही.

रिमोटवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून 'एव्ही' निवडा. डबी लावली असेल तर ती ज्या एचडीएमआयला जोडली ते निवडा. मग दोष पाहून उपाय करा.

चित्र आहे, आवाज नाही: आवाजाच्या पिना तपासा. नुसती घरघर येत असेल तर पिवळी पिन आवाजाच्या भोकात गेली असेल.

चित्र काळे-पांढरे: काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकात लावावी लागते. अशा वेळी 'कंपोनंट' न निवडता 'एव्ही' निवडा. कलर सिस्टिम 'ऑटो' किंवा 'पाल' ठेवा. आपली पद्धत पाल, अमेरिकेची एनटीएससी. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर व्हीसीआरही एनटीएससी चालवणारा लागतो.

चित्रावर आडवे पट्टे: हा दोष बहुधा टीव्हीचा नसतो. व्हीसीआरवरील 'ट्रॅकिंग' सावकाश फिरवा. सगळ्याच कॅसेटी खराब दिसत असतील तर यंत्राचे हेड साफ करून घ्या.

माणसे बुटकी, जाड दिसतात: जुने चित्र ४:३ मापाचे, नवा पडदा १६:९ चा. टीव्हीत ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, ते राहू द्यावेत. 'शार्पनेस' कमी केली की खरखर कमी दिसते.

एवढे जमले की त्याच बैठकीत पुढचे काम ठरवा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. आज मिळणारी यंत्रे जुनीच आहेत आणि टेप वर्षागणिक झिजते. म्हणून चालती कॅसेट पुन्हा पुन्हा लावण्यापेक्षा तिची नक्कल करून घ्यावी. व्हीसीआर संगणकाला जोडण्याची छोटी डबी मिळते. ते न जमल्यास हे काम करणारा स्टुडिओ शोधावा. नक्कल दोन ठिकाणी ठेवा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही.

हे काम पावसाळ्यापूर्वी उरका. दमट हवेत बुरशी झपाट्याने वाढते. आणि नक्कल झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रातल्या माणसांची नावे व नाती वहीत लिहून घ्या. ते काम मात्र कोणतेही यंत्र करून देणार नाही.