तोल सरावाने येतो

आंबोलीचा घाट उतरून गेले की गोव्याचा किनारा येतो. कात्या कुएल्हो ही विंडसर्फिंगपटू तिथलीच. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा खेळ ज्येष्ठांना तोल शिकवू शकेल.

वारा वाढला की शिडाची फळी पाणी कापणे सोडून पाण्यावर उचलली जाते व घसरत धावते, हेच 'प्लेनिंग'. त्या क्षणी नवखा घाबरून कमरेत वाकतो, पायांकडे पाहतो आणि पडतो. जाणता गुडघे सैल राखतो, शिडाची ओढ कमरेच्या पट्ट्यावर घेतो, नजर पुढे ठेवतो, पावले हळूहळू मागे नेतो.

वाचकहो, एकदा पडलेले ज्येष्ठ खुब्याचे हाड मोडेल या धास्तीने नवख्यासारखेच चालतात : वाकून, ताठरून. डोळे, अंतःकर्ण, स्नायू-सांधे व तळपाय मिळून तोल सांभाळतात. त्यांना सराव हवा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दहा सेकंद एका पायावर उभे राहावे, मग दुसऱ्या. शुश्रूषा करणाऱ्याने शेजारी उभे राहावे, हात ओढू नये. चक्कर येत असल्यास किंवा नुकतेच पडले असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.